परिचारिकेची सनद आणि तिचा खर्च

ज्याच्या अखेरीस चाकरी मिळण्याचा रास्त भरवसा आहे, ज्याला बारावीपलीकडे काही पूर्वतयारी लागत नाही, आणि जे सरकारी संस्थेत पदरात पडल्यास शेतमजुराच्या कुटुंबालाही झेपू शकते, असे शिक्षण आपल्या राज्यात फार थोडे आहे. परिचर्येचे शिक्षण हे त्यांपैकी एक, आणि माझ्या मते त्यांतले सर्वांत श्रेयस्कर. असे असूनही दर उन्हाळ्यात बारावीचा निकाल लागल्यानंतर तालुक्यांच्या गावी जे चालते ते मन अस्वस्थ करणारे आहे. बसस्थानकासमोरच्या इमारतींवर ‘नर्सिंग प्रवेश सुरू’ अशा पाट्या लागतात, सहा महिन्यांत किंवा वर्षभरात परिचारिका करून देण्याची हमी दिली जाते, आणि ज्या वडिलांच्या हाती एकरकमी मोठा पैसा कधी खेळला नाही ते दागिना मोडून किंवा जमिनीचा तुकडा गहाण टाकून ती रक्कम भरतात. मुलगी निष्ठेने शिकते, प्रमाणपत्र भिंतीवर लागते, आणि जिल्हा परिषदेच्या भरतीची जाहिरात आल्यावर तिला कळते की त्या प्रमाणपत्राच्या बळावर परिचर्या परिषदेच्या पटावर तिचे नाव चढूच शकत नाही, आणि नाव पटावर नसेल तर अर्जसुद्धा करता येत नाही. गेलेला पैसा एक वेळ पुन्हा जमवता येतो. गेलेले वय आणि खचलेला उत्साह परत मिळत नाही.

म्हणून या शिक्षणाचा खर्च मोजण्याची रीतच मुळात बदलली पाहिजे, असे मला वाटते. आपण फीच्या आकड्यापासून आरंभ करतो आणि सर्वांत लहान आकडा दिसेल तिकडे वळतो. वास्तविक आरंभ शेवटापासून, म्हणजे परिषदेच्या नोंदवहीत नाव दाखल होण्यापासून करावा. तेथून पाऊल पाऊल मागे येत, त्या नोंदीपर्यंत खात्रीने नेणारे मार्ग कोणते, हे प्रथम ठरवावे, आणि मग त्यांतला कमी खर्चाचा कोणता हे पाहावे. जो अभ्यासक्रम त्या नोंदीपर्यंत पोहोचवीत नाही तो पाच हजारांत मिळाला तरी महागच आहे.

परिचर्येचे शिक्षण पैसे मोजून विकत घ्यावयाचे, ही कल्पना तशी अलीकडची आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रेरणेने १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात जी शाळा उघडली तिची घडणच अशी होती की विद्यार्थिनीने रुग्णालयात राहावे, वॉर्डात प्रत्यक्ष काम करीत शिकावे, आणि तिच्या निवासाचा, भोजनाचा व गणवेशाचा भार संस्थेने उचलून वर थोडे विद्यावेतनही द्यावे. हाच नमुना पुढे हिंदुस्थानात आला. मुंबईत केवळ स्त्रिया व मुले यांच्यासाठी १८८६ मध्ये कामा रुग्णालय उघडले, तेव्हा तेथील कारभार स्त्री डॉक्टरांच्या हाती सोपविण्यात आला, आणि त्यांच्यात अग्रणी असलेल्या डॉ. एडिथ पीची यांनी परिचारिकांच्या प्रशिक्षणाचा उपक्रम तेथे सुरू करण्यास हातभार लावला. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सेवासदनाची उभारणी केली, त्या कामी गोपाळ कृष्ण देवधर यांच्यासारख्या कार्यकर्त्याची जोड त्यांना मिळाली, आणि संस्थेतल्या मुलींना व विधवांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठविण्याची व्यवस्था झाली.

त्या काळी हे किती अवघड होते याची आज कल्पना करणेही कठीण आहे. ज्या घरांत सोवळ्याओवळ्याच्या मर्यादा दिवसातून दहा वेळा पाळल्या जात, त्या घरातील तरुण विधवेने परक्या जातीच्या, परक्या धर्माच्या, परक्या पुरुषाच्या जखमा धुवाव्यात, त्याचे मलमूत्र उचलावे, आणि रात्रीच्या पाळीला घराबाहेर राहावे, ही गोष्ट समाजाच्या दृष्टीने अधःपाताचीच होती. तो विरोध अंगावर घेऊन ज्या स्त्रिया ससूनच्या वॉर्डांत उभ्या राहिल्या त्यांच्यामुळे मराठी मध्यमवर्गात परिचारिकेच्या व्यवसायाला प्रतिष्ठेचा पहिला स्पर्श झाला, आणि त्या स्त्रियांचे ऋण आपण पुरेसे मानले नाही असे मला नेहमी वाटत आले आहे.

या पूर्वेतिहासातून आजच्या वाचकाने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ते शिक्षण विनामूल्य होते, पण ते दान नव्हते. त्याची किंमत विद्यार्थिनी श्रमाने फेडीत असे. रात्रीच्या पाळ्या, खाटांची स्वच्छता, ज्वराच्या नोंदी, औषधांचे वाटप, बाळंतिणीची देखभाल, या सर्वांचा मोठा वाटा शिकाऊ मुलीच उचलीत, आणि रुग्णालये त्यांच्या बळावर चालत. आजही सरकारी व महापालिकेच्या रुग्णालयांना जोडलेल्या प्रशिक्षण संस्थांत हे नाते पुष्कळ अंशी टिकून आहे. तेथे फी अल्प असते. मोबदल्यात मुलीला भरलेल्या वॉर्डात खरे काम करावे लागते. तेव्हा सरकारी जागेवर प्रवेश घेणाऱ्या गरीब मुलीने आपण कोणाच्या उपकारावर शिकत आहोत असे मनात आणण्याचे कारण नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर भोर समितीने देशाच्या आरोग्याची जी पाहणी केली तिचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. त्यात परिचारिकांची संख्या सुमारे ७,००० धरलेली आहे, म्हणजे अदमासे ४३,००० लोकांमागे एक. आणि ५०० लोकांमागे एक परिचारिका हे दूरचे उद्दिष्ट समितीने डोळ्यांपुढे ठेवले होते. ही दरी पूर्ण शिक्षण घेतलेल्या परिचारिकांनीच भरून काढावयाची तर पिढ्या लोटल्या असत्या, म्हणून स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात कमी मुदतीचा, ग्रामीण गरजांना अनुरूप असा दुसरा अभ्यासक्रम निघाला. तोच सहायक परिचारिका प्रसविका, म्हणजे लोकांच्या तोंडचा एएनएम. १९७३ साली कर्तारसिंग समितीने या परिचारिकेकडे केवळ बाळंतपणे न सोपविता लसीकरण, माताबालसंगोपन, कुटुंबनियोजन आणि साथरोगांवरील लक्ष अशी बहुविध कामे द्यावीत असे सुचविले, आणि तेव्हापासून उपकेंद्राची आरोग्यसेविका ही आपल्या ग्रामीण आरोग्यव्यवस्थेचा कणा झाली. सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असे जे प्रमाण ठरलेले आहे त्यातील प्रत्येक उपकेंद्राच्या मुळाशी अशी एक स्त्री आहे. गरोदर बाईचे वजन, तिच्या रक्तातील हिमोग्लोबिन, बालकाला कोणती लस कधी द्यावयाची याची यादी, क्षयाच्या रुग्णाने गोळ्या घेतल्या की नाही याची विचारपूस, हे सारे ती वाडीवस्तीवर पायी जाऊन करते.

आजमितीस बारावीनंतर परिचर्येकडे जाणाऱ्या वाटा तीन आहेत. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केवळ स्त्रियांसाठी असून त्यातील शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष कामाचे, म्हणजे इंटर्नशिपचे असतात. बारावी कोणत्याही शाखेतून उत्तीर्ण झालेली आणि वयाची १७ वर्षे पूर्ण केलेली मुलगी त्यास पात्र ठरते. वयाची वरची मर्यादा ३५ वर्षांची आहे. ही मर्यादा मुद्दाम सांगतो, कारण लग्नानंतर किंवा वैधव्यानंतर पुन्हा शिकू पाहणाऱ्या कितीतरी स्त्रियांना आपले वय उलटून गेले आहे असे उगाच वाटत असते. दुसरी वाट सामान्य परिचर्या व प्रसविका पदविकेची, म्हणजे जीएनएमची. मुदत तीन वर्षे. पूर्वी ती साडेतीन वर्षांची होती. हिला बारावीत इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण लागतात, विज्ञान शाखेला प्राधान्य असले तरी अन्य शाखांना दार बंद नाही, आणि पुरुषांनाही प्रवेशाची मुभा आहे. तिसरी वाट चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंग पदवीची. तिला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय व किमान ४५ टक्के गुण हवेत, आणि राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची परीक्षा द्यावी लागते. मागास प्रवर्गांना गुणांच्या अटीत काही सवलत मिळते. आपल्याकडच्या जाहिरातींत पहिल्या दोन अभ्यासक्रमांचा उल्लेख आरएएनएम व आरजीएनएम असाही आढळतो; त्यामुळे गोंधळून जाऊ नये, अभ्यासक्रम तेच आहेत.

सनदेची व्यवस्था समजावून घेतली म्हणजे फसवणुकीचा बहुतेक धोका टळतो. देशभर शिक्षणाचा दर्जा ठरविण्यासाठी १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला आहे. आपल्या राज्यात १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमान्वये महाराष्ट्र परिचर्या परिषद काम करते आणि परिचारिकांची नोंदवही तिच्या स्वाधीन असते. एएनएम व जीएनएमच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. म्हणजे कोणत्याही संस्थेची पायरी चढताना तीन गोष्टींची खातरजमा करावी: ती संस्था राज्य परिषदेने मान्य केलेली आहे काय, परीक्षा उपर्युक्त मंडळाची आहे काय, आणि मान्यता याच अभ्यासक्रमाला, याच वर्षासाठी व इतक्याच जागांसाठी आहे काय. शेवटचा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. एखाद्या संस्थेला ज्या संख्येची मंजुरी आहे तिच्याहून अधिक विद्यार्थिनी तिने घेतल्या तर जादा घेतलेल्या मुलींचे परीक्षेचे अर्ज अडकून राहतात, आणि तोवर वर्षाची फी भरून झालेली असते. मान्यताप्राप्त संस्थांच्या याद्या परिषदा स्वतः प्रसिद्ध करतात. संस्थेच्या कार्यालयात भिंतीवर टांगलेल्या चौकटीतील पत्रापेक्षा ती यादी विश्वसनीय समजावी.

येथे त्या लघु मुदतीच्या अभ्यासक्रमांविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. घरी राहून वृद्धांची व रुग्णांची देखभाल करणाऱ्या मदतनिसांची समाजाला नितांत गरज आहे, आणि त्यासाठी चार-सहा महिन्यांचे प्रामाणिक प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मदतनिसाचे शिक्षण परिचारिकेच्या नावाने विकण्याबद्दल. ज्या मुलीला काळजीवाहू म्हणून लगेच कमाई सुरू करावयाची आहे तिने तसे जाणूनबुजून ठरवावे. परंतु सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून पुढे सरकारी दवाखान्यात लागेन, अशी आशा जो तिला दाखवितो तो तिला फसवितो, हे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

आता खऱ्या अर्थाने परवडणाऱ्या जागा कोठे असतात ते पाहू. सार्वजनिक आरोग्य विभागाची जिल्हा रुग्णालये, वैद्यकीय शिक्षण विभागाच्या महाविद्यालयांना जोडलेली मोठी रुग्णालये, आणि मुंबईसारख्या महानगरपालिकांची रुग्णालये, या तीन ठिकाणी परिचर्या प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांची फी खासगी संस्थांच्या मानाने नाममात्र असते, निवास बहुधा संस्थेच्याच आवारात असतो, आणि शिकण्यासाठी रुग्ण शोधावे लागत नाहीत. अर्थातच अर्ज पुष्कळ आणि जागा मोजक्या असतात. यांच्या खालोखाल मिशनऱ्यांनी किंवा जुन्या धर्मादाय विश्वस्तांनी चालविलेल्या रुग्णालयांच्या शाळा येतात. तेथे फी मध्यम असते, शिस्त कडक असते, आणि कित्येकदा गरजू मुलीसाठी संस्था स्वतःच काही तजवीज करते, मात्र त्यासाठी प्राचार्यांना भेटून परिस्थिती मोकळेपणी सांगावी लागते. संकोचाने गप्प राहणाऱ्या मुलीची अडचण कोणाला कळणार? तिसरा वर्ग विनाअनुदानित खासगी संस्थांचा. त्यांत उत्तम संस्थाही आहेत, पण येथे फीचा आकडा अनेक पटींनी वाढतो, आणि तपासणीची जबाबदारीही तितकीच वाढते.

सरकारी जागांच्या प्रवेशाची रीत वर्षावर्षाला बदलत आली आहे. कधी बारावीच्या गुणांवरून गुणवत्ता यादी लागते, कधी प्रवेश परीक्षेची अट येते, कधी अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी तर कधी संगणकीय पद्धतीने करावा लागतो. म्हणून मागच्या वर्षी शेजारच्या मुलीने काय केले यावर विसंबून न राहता, त्या वर्षीचे सूचनापत्र स्वतः अथपासून इतिपर्यंत वाचावे. निकालानंतर जागे होणाऱ्याची मुदत बहुधा चुकते. परीक्षा असलीच तर तिच्या अर्जाची तारीख बारावीच्या निकालाच्या आधीच उलटून गेलेली असते, हे तर दरवर्षी घडते. एका संस्थेवर भिस्त न ठेवता पात्रता असेल त्या सर्व जिल्ह्यांत व प्रवर्गांत अर्ज करावेत, आणि पहिल्या यादीत नाव न दिसल्यास निराश होऊन खासगी संस्थेत पैसे भरून मोकळे होऊ नये. कित्येक मुली अन्य अभ्यासक्रम मिळाला म्हणून जागा सोडतात, कित्येकींचे दाखले अपुरे ठरतात, आणि प्रतीक्षा यादी बरीच खालपर्यंत सरकते. धीर धरणे ही येथे पैशाची बचत आहे.

दाखल्यांचा विषय रुक्ष वाटेल, तथापि माझ्या समजुतीप्रमाणे गरीब मुलींचे प्रवेश गुणांपेक्षा कागदांमुळे अधिक हुकतात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घरात असतोच. अडचण अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र आणि विशेषतः जात वैधता प्रमाणपत्र यांची होते. वैधतेसाठी वडिलांच्या किंवा आजोबांच्या पिढीचे शाळेचे वा महसुली दप्तरातील पुरावे काढावे लागतात, समितीपुढे प्रकरण चालते, आणि यात महिने जातात. अकरावीत असतानाच या प्रकरणाचा अर्ज दाखल करणे, हा मुलीच्या घरच्यांनी तिच्या शिक्षणासाठी करावयाचा पहिला खर्च आहे, आणि तो मुख्यतः वेळेचा आहे. बारावीनंतर एखादे वर्ष घरी गेले असेल तर त्या खंडाबद्दल प्रतिज्ञापत्र लागते. उत्पन्नाचा दाखला मुदतीचा असतो, म्हणून तो प्रवेशाच्या सुमारासच काढावा. हे दाखले ठरावीक दिवसांत मिळण्याचा हक्क २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने नागरिकाला दिला आहे. अर्जाची पोच सांभाळून ठेवावी आणि मुदत उलटल्यास त्याच कायद्याखाली अपील करावे.

फीच्या बाबतीत संस्थेकडे तोंडी आकडा न मागता लेखी तक्ता मागावा. शिकवणीची फी हा त्यातला एक भाग असतो. तिच्याशिवाय वसतिगृह, खानावळ, अनामत, गणवेश व पांढरे बूट, पुस्तके, प्रात्यक्षिकांच्या नोंदवह्या, परीक्षा शुल्क, आणि ग्रामीण भागातील नेमणुकीच्या काळातला प्रवासखर्च अशी खाती निघतात, आणि दोन-तीन वर्षांची बेरीज केली म्हणजे कित्येकदा बाजूचा खर्च मूळ फीच्या बरोबरीला येतो. फी कमी दिसणारी पण घरापासून दूरची संस्था, आणि फी थोडी अधिक पण मुलीला आत्याकडे राहून जाता येईल अशी संस्था, यांची तुलना याच बेरजेवरून करावी. देणगीची मागणी झाली तर ती बेकायदा आहे. प्रवेशासाठी असे शुल्क घेण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे, आणि जो इसम पावती देण्यास कां कूं करतो त्याच्या हाती एक रुपयाही देऊ नये. मूळ प्रमाणपत्रे पडताळणीनंतर परत मिळतील काय, मध्येच संस्था सोडावी लागल्यास किती रक्कम परत मिळेल, आणि शिक्षणानंतर ठरावीक वर्षे त्याच रुग्णालयात काम करण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागते काय, हेही सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावे. बंधपत्र सर्वदा वाईट असते असे नाही. चांगल्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव नवख्या परिचारिकेच्या हिताचाच असतो. मात्र त्या काळातील वेतन किती, आणि बंधपत्र मोडल्यास भरपाई किती, हे दोन्ही आकडे कागदावर असले पाहिजेत.

शासनाच्या साहाय्याचे मार्गही अनेक आहेत, परंतु ते विखुरलेले आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, इतर प्रवर्गांसाठी शिक्षण शुल्क प्रतिपूर्तीच्या योजना आहेत, आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे, आणि या बहुतेकांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावयाचे असतात. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् या योजनांतून निवास व भोजनासाठी रक्कम थेट बँकेच्या खात्यात जमा होते. २०२४ साली राज्याने ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची संपूर्ण शिक्षण फी माफ केली. अशा सवलती मिळण्यासाठी प्रवेश शासनमान्य प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घाईने घेतलेली जागा येथे अंगाशी येते. म्हणून संस्थेला सरळ प्रश्न करावा: या अभ्यासक्रमाला, या संस्थेत, माझ्या प्रवर्गाला कोणती योजना लागू आहे, आणि गेल्या वर्षीच्या किती मुलींना ती प्रत्यक्ष मिळाली? दुसऱ्या वर्षाच्या मुलींना आवारात गाठून हाच प्रश्न विचारला तर उत्तर अधिक खरे मिळते. प्रतिपूर्तीची रक्कम उशिरा येते, आणि तोपर्यंत संस्था मुलीकडे तगादा लावते की थांबते, हेही त्या सांगू शकतात.

आता ज्या प्रश्नाचे महत्त्व मला फीपेक्षाही अधिक वाटते त्याकडे येतो: संस्थेच्या रुग्णालयात रुग्ण आहेत काय? परिचर्या ही हातांनी शिकावयाची विद्या आहे. शीर सापडणे, नाडीतला फरक बोटांना जाणवणे, बाळाचे डोके दिसू लागल्यावर कोणत्या क्षणी आईला कळ द्यायला सांगावे आणि कोणत्या क्षणी थांबवावे, हे पुस्तकातून येत नाही. परिषदेच्या निकषांत एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असे प्रमाण याच कारणासाठी घातलेले आहे. आणि अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी मुलीने ठरलेल्या संख्येने गर्भवतींची तपासणी व बाळंतपणे स्वतःच्या हाताने, देखरेखीखाली केलेली असावी लागतात. ज्या संस्थेचे रुग्णालय कागदावर शंभर खाटांचे आणि प्रत्यक्षात ओसाड असते तेथे या नोंदवह्या कशा भरल्या जातात हे सांगण्याची गरज नाही. अशा ठिकाणी पैसे देऊन सनद मिळवलेली मुलगी एखाद्या दुर्गम उपकेंद्रात मध्यरात्री अडलेल्या बाईसमोर एकटी उभी राहते, तेव्हा तिच्या न झालेल्या शिक्षणाची किंमत दुसरेच दोन जीव मोजतात. त्यामुळे प्रवेशापूर्वी संस्थेचे कार्यालय पाहून परत फिरू नये. सकाळी दहाच्या सुमारास तिच्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आणि प्रसूती कक्षाच्या व्हरांड्यात अर्धा तास उभे राहावे. गर्दी असेल, नातेवाईक डबे घेऊन बसलेले असतील, विद्यार्थिनी गणवेशात लगबगीने फिरत असतील, तर ती शाळा आहे. या कसोटीवर गजबजलेले आणि गैरसोयीचे जिल्हा रुग्णालय चकचकीत इमारतीवर सहज मात करते.

मुलीच्या मनाच्या तयारीचा विचारही येथेच करावा. पहाटे उठून सात-साडेसातला वॉर्डात हजर होणे, परिसेविकेची बोलणी ऐकणे, दुपारी वर्गात पाठ्यनिर्देशिकेपुढे डोळे मिटू न देता बसणे, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात उलट्या दिनक्रमाने जगणे, हे सोपे नाही. पहिला मृत्यू पाहिल्यावर पुष्कळ मुली रडतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना इंग्रजी संज्ञांचे ओझे पहिल्या सहा महिन्यांत जड जाते, पण वॉर्डात तीच संज्ञा औषधाच्या बाटलीवर आणि रुग्णाच्या तक्त्यावर रोज दिसत असल्यामुळे ती अंगवळणी पडते. प्रवेशाआधीच्या सुट्टीत शरीरशास्त्राचे एखादे प्राथमिक पुस्तक आणि मोजमापाचे साधे गणित, म्हणजे मिलिलिटर, मिलिग्रॅम, टक्केवारी, पक्के करून ठेवले तर पहिले वर्ष पुष्कळ सुसह्य होते. औषधाच्या मात्रेत दशांश चिन्हाची चूक परिचारिकेला परवडत नाही.

कमी साधनांच्या कुटुंबाने पदवीच हवी असा हट्ट धरावा काय, असा प्रश्न मला पुष्कळजण विचारतात. सरकारी पदवीची जागा मिळत असेल तर ती अवश्य घ्यावी. परंतु ती मिळत नसताना कर्ज काढून खासगी पदवी घेण्यापेक्षा पायऱ्यापायऱ्यांनी चढण्याचा मार्ग या व्यवसायात खुला आहे, आणि तो कमीपणाचा नाही. नोंदणीकृत एएनएमला पुढे जीएनएमसाठी प्रवेश घेता येतो. जीएनएम झालेली परिचारिका दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाने बी.एस्सी. होते, आणि पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण घेऊन पाठ्यनिर्देशिका किंवा प्राध्यापिका होण्याचा मार्ग तिला मोकळा राहतो. रुग्णालयातच राहिली तर अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी बढतीची परंपरा आहे. जीएनएम किंवा पदवीधर परिचारिकेला सामुदायिक आरोग्याचे सहा महिन्यांचे जादा प्रशिक्षण घेऊन उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होता येते. दोन वर्षांत कमावती झालेली मुलगी धाकट्या भावंडांचे शिक्षण करून मग स्वतःच्या पुढच्या पायरीचा विचार करते, असे आपल्या खेड्यांत कितीतरी घरांत घडते आहे. तिची गती सावकाश असेल, पण त्या वाटेवर सावकाराचे व्याज नाही.

अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही काम संपत नाही. नोंदणीसाठी परिषदेकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो; गुणपत्रिका, मंडळाचे प्रमाणपत्र, संस्थेचा दाखला व शुल्क पाठवून परिचारिका आणि प्रसविका म्हणून नोंदणी क्रमांक मिळवावा लागतो, आणि तो हाती येईपर्यंत कोणत्याही खासगी रुग्णालयाने ‘आधी कामाला लागा, नोंदणी नंतर पाहू’ असे सांगितले तरी ते मानू नये, कारण नोंदणीवाचून केलेल्या कामाची जबाबदारी त्या मुलीवरच येते. केंद्रीय परिचर्या परिषदेच्या देशव्यापी पटावरही आता नाव चढवून एक स्थायी ओळखक्रमांक घेता येतो. दुसऱ्या राज्यात नोकरी धरावयाची असल्यास महाराष्ट्राच्या परिषदेकडून पडताळणी करून त्या राज्याच्या परिषदेत नोंद करवून घ्यावी लागते. आणि ही नोंदणी जन्मभराची नसून ठरावीक वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते, त्यासाठी निरंतर शिक्षणाचे तास भरावे लागतात. त्या तासांची प्रमाणपत्रे पहिल्या दिवसापासून एका फाइलीत लावून ठेवावीत, म्हणजे नूतनीकरणाच्या वेळी धावपळ होत नाही.